रोमिओ आणि ज्युलिएट : प्रेम सुरू होण्याआधीचं शहर



जुनी नाटकं इतिहासाचं साधन म्हणून कशी वाचायची, हा आपल्या या मालेचा विषय. आज आपण शेक्सपिअरचं ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ घेणार आहोत. सगळं नाटक नाही, फक्त पहिला अंक. म्हणजे आरंभीची चौदा ओळींची प्रस्तावना आणि त्यानंतरचे पाच प्रवेश.

एवढंच का? या नाटकाचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा सज्जा येतो. वर ज्युलिएट, खाली रोमिओ, आणि चांदणं. गंमत अशी की ‘बाल्कनी’ हा शब्द या नाटकात एकदाही येत नाही. तिथे आहे ती खिडकी. व्हेरोना शहरात ज्युलिएटचं घर म्हणून जे दाखवतात, त्याचा सज्जासुद्धा विसाव्या शतकातल्या डागडुजीत बसवलेला आहे. तरी आपल्या आठवणीतलं नाटक सुरू होतं ते त्या सज्ज्यापासून, म्हणजे दुसऱ्या अंकापासून. प्रत्यक्षात नायक-नायिका एकमेकांना पहिल्यांदा पाहतात ते पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात. त्याआधी चार प्रवेश होऊन गेलेले असतात. प्रेमाच्या नाटकात प्रेमच सुरू व्हायला एवढा वेळ का लागावा? तोवर नाटककार करत काय होता?

आमचं उत्तर थोडक्यात असं: तो आपल्याला एक शहर दाखवत होता. त्या शहरात शांतता कोण राखतं, कशी राखतं आणि ती का टिकत नाही, हे तो मांडत होता. शोकांतिकेची कारणं या चार-पाच प्रवेशांतच पुरून ठेवलेली आहेत, आणि ती कारणं आकाशातली नाहीत, माणसांनी केलेली आहेत.

आधी प्रस्तावना पाहू. आपल्या संगीत नाटकात सूत्रधार येतो, नटी येते, नांदी होते. तसा इथे एक निवेदक येतो. पण आपला सूत्रधार शेवट सांगून टाकत नाही. हा टाकतो. दोन घराणी, दोन्ही तोलामोलाची, जुनं वैर, त्यातून जन्मलेली दोन मुलं, आणि त्या मुलांच्या मरणानेच मिटणारं आईबापांचं भांडण. चौदा ओळींत सगळं सांगून झालं. हा रचनाबंध म्हणजे सॉनेट, आपल्याकडे ज्याला सुनीत म्हणतात ते. १५९१ साली सर फिलिप सिडनीची सॉनेटमाला छापली गेली आणि त्यानंतर लंडनमध्ये सॉनेटची अक्षरशः लाट आली होती. प्रेमाचं म्हणून गाजत असलेलं हे वृत्त शेक्सपिअरने आधी भांडणाची बातमी द्यायला वापरलं, हे ध्यानात ठेवा.

या प्रस्तावनेत दोन कारणं शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. एक, या प्रेमिकांच्या नशिबातले तारेच प्रतिकूल होते. दुसरं, आईबापांचा राग मुलांच्या मृत्यूशिवाय कशानेच शमणारा नव्हता. पुढच्या चारशे वर्षांत लोकांनी पहिलं कारण लक्षात ठेवलं, दुसरं विसरले. प्रस्तावनेचं नशीबही मजेदार आहे. हे नाटक १५९७ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा ती बारा ओळींची होती. १५९९ च्या सुधारलेल्या प्रतीत ती चौदा ओळींची झाली. आणि शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये त्याच्या नाटकांचा जो मोठा संग्रह निघाला, त्यात ती छापलेलीच नाही.

आता कथेकडे वळू. ही कथा शेक्सपिअरची नव्हे. १४७६ मध्ये मासुच्चो नावाच्या इटालियन लेखकाने अशीच एक गोष्ट सिएना शहरात घडवली. १५३० च्या सुमारास लुइजी दा पोर्तोने ती व्हेरोनात आणली आणि प्रेमिकांना आज आपल्याला ठाऊक असलेली नावं दिली. पुढे बांदेल्लोने ती पुन्हा सांगितली, तिचं फ्रेंच झालं, आणि त्या फ्रेंचवरून १५६२ मध्ये आर्थर ब्रुक या इंग्रज कवीने एक लांबलचक काव्य लिहिलं. शेक्सपिअरच्या हाताशी मुख्यतः होतं ते ब्रुकचं काव्य.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही मोठी सोय असते. मूळ कथा समोर आहे, तेव्हा नाटककाराने नेमकं काय बदललं ते मोजता येतं. आणि माणूस जे बदलतो, त्यातच त्याला काय म्हणायचंय ते दिसतं.

ब्रुकने काव्याच्या आधी वाचकांना उपदेश केलेला आहे. त्याचं सार असं: वडीलधाऱ्यांचं न ऐकता वासनेच्या आहारी गेलेली मुलं, दाईसारख्या वाचाळ बायकांचा आणि भोंदू साधूंचा सल्ला घेणारी मुलं, अशीच मरतात. दोष मुलांचा. हे पुस्तक पुढे ठेवून लिहिताना शेक्सपिअरने काय केलं?

ब्रुकची गोष्ट नाताळच्या मेजवानीपासून सुरू होऊन कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने ती जुलैच्या उकाड्यात आणली आणि चार-पाच दिवसांत संपवली. ब्रुककडे आरंभी रस्त्यावरची मारामारी नाही. टिबॉल्ट मेजवानीत नाही, तो पुढच्या मारामारीत पहिल्यांदा येतो. ज्युलिएटला मागणी घालणारा पॅरिस ब्रुककडे फार उशिरा उगवतो, रोमिओला हद्दपार केल्यानंतर. शेक्सपिअरने मारामारी अगदी पहिल्या प्रवेशात घातली, पॅरिसला दुसऱ्या प्रवेशात आणलं, टिबॉल्टला मेजवानीत उभं केलं. म्हणजे रोमिओ आणि ज्युलिएट एकमेकांना भेटण्याआधीच तलवारी उपसून झालेल्या आहेत, राजाज्ञा निघालेली आहे आणि मुलीच्या लग्नाची बोलणीही सुरू झालेली आहेत. सापळा तयार आहे. मुलं त्यात नंतर येतात.

आता पहिला प्रवेश. पडदा नाही, दिवसाउजेडी नाटक, एक पेनी देऊन उभे राहिलेले प्रेक्षक. रंगमंचावर कोण येतं? नायक नाही, सरदार नाही. कॅप्युलेटच्या घरचे दोन नोकर, सॅम्सन आणि ग्रेगरी. हातात तलवार आणि छोटी ढाल. दोघं फुशारक्या मारतायत. माँटेग्यूच्या पुरुषांना कसं झोडपू आणि त्यांच्या घरातल्या मुलींचं काय करू, असलं अचकट-विचकट बोलणं चाललंय. प्रेमाच्या नाटकात स्त्रीपुरुष संबंधाचा पहिला उल्लेख येतो तो बलात्काराच्या बढाईतून. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण ते तिथे आहे आणि मुद्दाम आहे.

मग समोरून माँटेग्यूचे नोकर येतात आणि एक मजेशीर गोष्ट घडते. आपले वीर एकदम कायदेपंडित होतात! भांडण त्यांना सुरू करू दे, म्हणजे कायदा आपल्या बाजूने राहील, असं ठरतं. सॅम्सन अंगठा चावून दाखवतो; तो त्या काळचा अपमान. तू आम्हाला बघून अंगठा चावलास का, असं विचारल्यावर तो सोबत्याला हळूच विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूला राहील का? नाही म्हटल्यावर माघार. मालकाच्या नात्यातला माणूस येताना दिसतो, तेव्हा कुठे यांना जोर चढतो आणि तलवारी बाहेर येतात.

प्रेक्षक यावर हसत असणार. पण या विनोदात एक हिशेब आहे. भांडण मालकांचं आहे. दंगा झाला की पहिला फास कोणाच्या गळ्यात पडतो, ते नोकरांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते कायद्याची चौकशी करतायत.

हे नाटक साधारण १५९५-९६ चं मानतात. तेव्हाचं लंडन कसं होतं? १५९२ ते ९४ प्लेगची साथ. नाटकशाळा बराच काळ बंद. १५९४ पासून ओळीने पिकं बुडाली, धान्य महागलं. जून १५९५ मध्ये कारागिरांकडे उमेदवारी करणाऱ्या पोरांनी बाजारात लोणी आणि मासळी ताब्यात घेऊन आपल्याला परवडेल त्या भावाने घेतली. महिन्याच्या शेवटी टॉवर हिलवर दंगल झाली. सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि जुलैत पाच तरुणांना राजद्रोहाच्या आरोपाखाली देहदंड दिला. नाटकातल्या मारामारीत व्हेरोनाचे नागरिक सोटे घेऊन धावतात आणि सोट्यांच्याच नावाने ओरडतात. लंडनच्या उमेदवार पोरांची रस्त्यावर गोळा होण्याची आरोळी हीच होती. तिकिटाची पेनी देऊन पुढे उभ्या असलेल्यांत ही पोरं होती. व्हेरोना इटलीत आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि हा आपलाच रस्ता आहे हेही नव्हती.

बरं, दंगे फक्त गरिबांचे असायचे असंही नाही. ऑक्टोबर १५९४ मध्ये विल्टशर परगण्यात डॅन्व्हर्स आणि लाँग या दोन खानदानी घराण्यांच्या वैरातून हेन्री लाँगचा खून झाला. खून करणारे डॅन्व्हर्स बंधू फ्रान्सला पळाले, आणि त्यांना आसरा देऊन पळायला मदत करणारा होता साउदॅम्प्टनचा अर्ल. शेक्सपिअरने आपली दोन काव्यं ज्याला अर्पण केली तोच हा अर्ल. नाटक या प्रकरणावर बेतलेलं नाही. कथा कितीतरी जुनी आहे. पण दोन घराण्यांचं वैर म्हणजे काय, हे लंडनच्या प्रेक्षकांना इटालियन पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं. उमेदवार पोरं फासावर गेली आणि सरदारपुत्र फ्रान्सला गेले, एवढा फरक मात्र त्यांनी नक्की पाहिला असणार.

पहिल्या प्रवेशातली हत्यारंही बघण्यासारखी आहेत. नोकरांकडे तलवार-ढाल, ही जुनी इंग्रजी पद्धत. सरदारपुत्रांच्या कमरेला त्या काळात नवी इटालियन धाटणीची बारीक लांब तलवार, रेपिअर, आलेली होती. १५९५ मध्येच सॅव्हिओलो या इटालियन उस्तादाचं तलवारबाजीवरचं पुस्तक लंडनमध्ये इंग्रजीत निघालं. आणि म्हातारा कॅप्युलेट घरातून धावत येऊन मागतो ती आजोबांच्या काळातली जड लांब तलवार. त्यावर त्याची बायको म्हणते, तलवार कशाला, कुबडी मागा. तीन प्रकारची माणसं, तीन प्रकारची हत्यारं, आणि भांडण एकच. ते कशावरून सुरू झालं, हे मात्र अख्ख्या नाटकात कोणी सांगत नाही. प्रिन्सच्या बोलण्यावरून एवढंच कळतं की कुठल्याशा पोकळ शब्दावरून.

मग प्रिन्स एस्कॅलस येतो. हे नाव व्हेरोनाच्या देल्ला स्काला राजघराण्यावरून आलंय. तो दरडावतो: तुमच्यामुळे शहरात तीनदा दंगा झाला, आता पुन्हा झाला तर प्राणदंड. कॅप्युलेटने आत्ता माझ्याबरोबर यावं, माँटेग्यूने दुपारी. ऐकायला कडक वाटतं. पण नीट बघा. दोघांना वेगवेगळं बोलावलंय, समोरासमोर नाही. वैराचं कारण विचारलं जात नाही. तीन दंग्यांबद्दल कोणाला काय शिक्षा झाली, याचा उल्लेख नाही. धमकी आहे, न्याय नाही. आणि नाटकाच्या अगदी शेवटी, प्रेतांसमोर उभा राहून हाच प्रिन्स कबूल करतो की मी तुमच्या भांडणाकडे डोळेझाक केली, म्हणून माझेही दोन नातेवाईक गेले. ते दोघं म्हणजे मर्क्युशिओ आणि पॅरिस. शेवटच्या प्रवेशातली ती कबुली समजायला पहिल्या प्रवेशातला हा हुकूम नीट वाचावा लागतो.

दुसऱ्या प्रवेशात कॅप्युलेट पॅरिसशी बोलतोय. त्याचं पहिलंच वाक्य आहे की माँटेग्यूवरही माझ्याइतकंच बंधन आहे, आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना शांतता पाळणं काही जड नाही. आम्हाला वाटतं, पहिल्या अंकातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हे आहे. म्हाताऱ्यांचं वैर विझत आलंय! मग ते चालवतंय कोण? नोकर चालवतात, कारण मालकाचं नाव हीच त्यांची पत. टिबॉल्टसारखे तरुण चालवतात, कारण त्यांना दुसरं काम नाही. वैर ही आता भावना राहिलेली नाही, ती शहराची सवय झालेली आहे. आणि सवय मोडायला कोणी तरी पहिलं पाऊल टाकावं लागतं. कॅप्युलेट ते टाकत नाही. तो मेजवानीच्या तयारीला लागतो.

याच संभाषणात ज्युलिएटचं लग्न निघतं. कॅप्युलेट म्हणतो, अजून दोन उन्हाळे जाऊ द्या. फार लवकर आया झालेल्या मुलींचं पुढे बरं होत नाही. आणि तिची संमती हवीच. आज ऐकलं तर किती समंजस बाप! हाच बाप तिसऱ्या अंकात, नाही म्हटलंस तर रस्त्यावर काढीन, म्हणतो.

ज्युलिएटचं वय काय? ब्रुककडे सोळाच्या आसपास. १५६७ मध्ये निघालेल्या विल्यम पेंटरच्या गद्य गोष्टीत अठरा. शेक्सपिअरने ते तेरावर आणलं, चौदा पुरे व्हायला पंधरवडा बाकी. त्या काळी सगळ्यांचीच लग्नं लहानपणी होत, असं आपण सहज म्हणून टाकतो. इंग्लंडपुरतं ते खरं नाही. चर्चच्या कायद्याने मुलीला बाराव्या वर्षी लग्न करता येत होतं, पण गावोगावच्या चर्चमधल्या लग्ननोंदी अभ्यासकांनी मोजल्या तेव्हा सामान्य बायकांचं पहिल्या लग्नाचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास निघालं. बड्या घरांत लवकर लग्नं व्हायची, पण तेरा तिथेही विरळाच. खुद्द शेक्सपिअरच्या घरात पाहा: लग्नात बायको सव्वीस वर्षांची, थोरली मुलगी सुझाना चोवीस, धाकटी ज्यूडिथ एकतीस. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकांना तेरा हा आकडा खटकावा म्हणूनच घातलेला आहे.

इथे आपल्याकडचा एक प्रसंग आठवतो. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं भाषांतर ‘विकारविलसित’ म्हणून छापलं, आणि त्याच आगरकरांनी पुढे ‘सुधारका’तून लग्नाच्या वयासाठी लेखणी झिजवली. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला तो दहाचं वय बारा करण्यासाठी, आणि त्यावर केवढं रण माजलं ते आपण जाणतो. त्या काळी पुण्या-मुंबईच्या कॉलेजात हे नाटक वाचणाऱ्या तरुणाला तेरा वर्षांची नवरी बघून आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. अनेकांच्या घरी तशीच होती. त्याला नवल वाटलं असेल ते बापाने तिची संमती विचारण्याचं. तोच प्रवेश, पण धक्का बसण्याची जागा वेगळी. जुनं नाटक वाचताना हा हिशेब नेहमी करावा लागतो.

तिसऱ्या प्रवेशात ज्युलिएट, तिची आई आणि दाई. वयाचा घोळ चाललाय. दाई पटकन सांगते: ऑगस्टच्या पहिल्या तारखेला लॅमसचा सण, त्याच्या आदल्या रात्री ही जन्मली. माझी सुझन हिच्याच वयाची, ती देवाघरी गेली. भूकंप झाला त्याला अकरा वर्षं झाली, त्याच दिवशी हिचं अंगावरचं दूध तोडलं. कडू पाला लावून बसले होते उन्हात. बाईसाहेब, तेव्हा तुम्ही आणि साहेब मांतुआला होतात.

एका अडाणी बाईचं हे कॅलेंडर आहे. त्यात सन नाहीत. सण आहे, भूकंप आहे, दूध तोडणं आहे, स्वतःच्या मुलीचं मरण आहे. अशा बायकांच्या नोंदी दप्तरखान्यात फारशा सापडत नाहीत. इथे एक ऐकायला मिळते. बड्या घरची बाई मूल दाईच्या हवाली करी, आणि दाईच्या स्वतःच्या लेकराचं काय होई, ते दाई एका वाक्यात सांगून पुढे जाते. आई मात्र दाईला आधी बाहेर घालवते आणि लगेच परत बोलावते. पोटच्या मुलीशी एकटीने बोलायचं तिला जमत नाही. ती स्वतः ज्युलिएटच्याच वयात आई झालेली. म्हणजे आत्ता असेल अठ्ठावीसच्या आसपास.

आणि ज्युलिएट? ती अगदी थोडं बोलते. लग्नाचा विचारही मनात नाही, तुम्ही सांगता तर त्याला पाहीन, तुमची परवानगी असेल तेवढंच पाहीन. ब्रुकच्या उपदेशातली ऐकून न घेणारी मुलगी ती ही नव्हे. पहिल्या अंकातली ज्युलिएट आज्ञाधारक आहे.

मग भेट होते कशी? कॅप्युलेटने एका नोकराच्या हाती पाहुण्यांची यादी दिलीय. नोकराला वाचता येत नाही. रस्त्यात एक शिकलेला तरुण दिसतो, नोकर त्याच्याकडून यादी वाचून घेतो. तो तरुण म्हणजे रोमिओ. यादीत त्याला रोझलाइनचं नाव दिसतं, तिच्यासाठी तो मेजवानीला जातो, आणि ज्युलिएट भेटते. याला तारे म्हणायचं का? म्हणता येईल. पण जिथे मालक वाचतो आणि नोकर वाचू शकत नाही, त्या शहरात हा योगायोग कधी ना कधी घडणारच. त्याच यादीत मर्क्युशिओचंही नाव आहे. रोमिओचा जिवलग मित्र कॅप्युलेटकडे सन्मानाने जेवायला जाऊ शकतो. वैराची भिंत दिसते तेवढी सलग नव्हती.

पाचव्या प्रवेशात मेजवानी. सुरुवात पुन्हा नोकरांचीच: टेबलं हलव, भांडी आवर, मला बदामाच्या मिठाईचा एक तुकडा ठेव. टिबॉल्ट रोमिओचा आवाज ओळखतो, तलवार मागवतो. कॅप्युलेट त्याला अडवतो. म्हणतो, शहरात या मुलाचं नाव चांगलं आहे, माझ्या घरात त्याचा अपमान होणार नाही. पाहा, शांतता राखता येते! घरचा कर्ता माणूस ठाम राहिला तर एका संध्याकाळीत राखता येते. पण ती राखली जाते घरच्या आतिथ्यासाठी, मेजवानी बिघडू नये म्हणून. सकाळच्या राजाज्ञेची आठवणही कोणी काढत नाही. टिबॉल्ट राग गिळून निघून जातो, आणि तो राग तिसऱ्या अंकात रस्त्यावर येतो. त्यानंतर लगेच रोमिओ आणि ज्युलिएट एकमेकांशी पहिलं बोलतात, आणि त्या बोलण्याच्या पहिल्या चौदा ओळी मिळून एक सॉनेट होतं. प्रस्तावनेत भांडणाला दिलेलं वृत्त आता दोघं वाटून घेतात. निवेदक एकटा बोलत होता. इथे दोघं बोलतात, हा सगळा फरक.

शेवटचा मुद्दा, या प्रवेशांचं पुढे काय झालं. अठराव्या शतकात डेव्हिड गॅरिकने हे नाटक गाजवलं. त्याच्या १७४८ च्या रंगावृत्तीत ज्युलिएट अठरा वर्षांची झाली, आणि दोन वर्षांत रोझलाइन गायब झाली. रोमिओ पहिल्यापासून ज्युलिएटवरच प्रेम करू लागला. एकोणिसाव्या शतकात बाउडलरच्या सोवळ्या आवृत्तीने नोकरांची आणि दाईची भाषा धुऊन काढली. १८४५ मध्ये शार्लट कुशमन या अमेरिकन अभिनेत्रीने लंडनमध्ये स्वतः रोमिओ होऊन शेक्सपिअरची मूळ संहिता पुन्हा रंगमंचावर आणली, तेव्हा कुठे हे चक्र उलटं फिरू लागलं. काय काय कापलं गेलं ते पाहा: मुलीचं कोवळं वय, तरुणाचं चंचल मन, नोकरांची हिंसा, दाईचं शरीर. हे सगळं काढलं की उरतात दोन निष्पाप प्रेमिक आणि वाईट तारे. मग कोणालाच जाब विचारावा लागत नाही.

आपल्याला इतिहास शिकायचा असेल तर जाब विचारावा लागतो. दोन मुलं मेली की लोक नशीब म्हणतात, खानदान म्हणतात, पोरांची घाई म्हणतात. शेक्सपिअरने मुलं मरण्याच्या चार-पाच दिवस आधीची रविवारची सकाळ आपल्यापुढे ठेवली: कोणी डोळेझाक केली, कोणी नुसती धमकी दिली, कोणाला पहिलं पाऊल टाकता आलं असतं आणि त्याने टाकलं नाही, हे सगळं त्यात आहे. म्हणून आमची विनंती एवढीच, की पुढच्या वेळी हे नाटक हातात घ्याल तेव्हा खिडकीखाली पोचायची घाई करू नका. आधी सॅम्सन आणि ग्रेगरीबरोबर त्या रस्त्यावर थोडं थांबा.

 आता आपण प्रश्न घेऊ.